‘आपलं’ आलं की मागचं खोडायचं

माझं पोट आयुष्यभर माझ्या कानांवर चाललं. ठाण्याच्या नौपाड्यात एका वकिलांकडे मी मराठीची स्टेनो होते. वकीलसाहेब बोलायचे, मी लघुलिपीत उतरवून घ्यायचे आणि मग टाइप करायचे. नोटिसा, अर्ज, कैफियती, बक्षीसपत्रं. साहेब येरझाऱ्या घालत बोलायचे, पान लावत बोलायचे, खिडकीतून खाली वाकून रिक्षावाल्याशी हुज्जत घालतानाही त्यांचं बोलणं चालू असायचं. त्यातलं नोटिशीत काय जाणार आणि रिक्षावाल्याला काय, ते मला बरोबर कळायचं. कामात मी पक्की होते. आज सत्तरी ओलांडल्यावरही हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण ते खरं आहे.

साहेबांची एक सवय होती. चूक झाली की ते ‘खोडा’ म्हणायचे नाहीत, ‘आपलं’ म्हणायचे. ‘सदर इसम सोमवारी, आपलं, मंगळवारी जागेवर हजर होता.’ आपण सगळेच असं बोलतो म्हणा. मामा, आपलं, काका आले होते. पण स्टेनोच्या कानाला ‘आपलं’ हा शब्दच नसतो, तो हुकूम असतो. ऐकू आला की मागचा शब्द खोडायचा आणि पुढचा घ्यायचा. माझी पेन्सिल ते आपोआप करायची. संध्याकाळी पेन्सिल पर्समध्ये टाकून मी डोंबिवलीला घरी यायचे, पण कान काही पर्समध्ये टाकता येत नाहीत.

घरात आम्ही तिघं. मी, वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात फिटर असलेले माझे यजमान, आणि आमची एकुलती एक मुलगी. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल, ती चौथीत गेली आणि तिच्या बोलण्यात ‘आपलं’ शिरलं. शिरलं कसलं, बिऱ्हाड करून बसलं. ‘आई, उद्या मला आपलं कंपासपेटी लागणारे.’ ‘बाईंनी आपलं टाचणवही आणायला सांगितलीय.’ ‘मघाशी ना, आपलं खालच्या मजल्यावरचे आजोबा आलेले.’ इतर मुलांच्या तोंडीही काय काय असायचं. शेजारच्या मुलीचं ‘म्हणजे काय ना’ इतकं लांबायचं की मूळ वाक्य येईपर्यंत माझी तव्यावरची पोळी करपायची. तिच्या आईला त्याचं काही वाटत नसे. मला मात्र माझ्या लेकीच्या ‘आपलं’चं वाटायचं, आणि फार वाटायचं.

कारण माझ्या कानाला ते नुसतं पालुपद नव्हतं. पोरगी दर वाक्यात जबानी फिरवतेय असं मला ऐकू यायचं. कंपासपेटी मागताना सुद्धा हिला आपण काय मागतोय ते ठाऊक नाही, असं वाटायचं. आणि जबानी फिरवणाऱ्या बाईचं काय होतं ते मी रोज बघत होते. ऑफिसात नवऱ्याने टाकलेल्या बायका यायच्या, दिरांनी घराबाहेर काढलेल्या यायच्या. जिला चार वाक्यं सरळ सांगता यायची तिचं काम त्याच दिवशी सुरू व्हायचं. जी ‘तसं नाही, आपलं, म्हणजे’ करत पदर पिळत बसायची तिला साहेब पुढच्या आठवड्यात यायला सांगायचे. माझ्या मुलीला कुणी पुढच्या आठवड्यात या म्हणता कामा नये, एवढंच मला हवं होतं. तिने तिचं म्हणणं कुणाच्याही तोंडावर सांगावं आणि मोकळं व्हावं.

आधी मी गोडीने सांगितलं. मग रागावून सांगितलं. दोन्हीचा उपयोग होईना, तेव्हा मी माझं हत्यार काढलं. रात्रीचं जेवण वाढून झालं की बापलेक जेवायला बसायचे आणि मी वही-पेन्सिल घेऊन समोर पाटावर बसायचे. ती शाळेतलं जे काही सांगेल ते शब्द न् शब्द उतरवायचे. जेवण झालं की वाचून दाखवायचे, ऑफिसात साहेबांना वाचून दाखवते तसं, सपाट आवाजात. ‘आज आपलं कवितेचा तास झाला. मग आपलं टाळ्या वाजवल्या. मला आपलं कंटाळा आलेला.’ पहिल्या दिवशी ती खुदकन हसली. तिचे बाबाही हसले. तिसऱ्या दिवशी ती ताटाकडे बघत राहिली.

‘अगं, जेवू दे की तिला. कोर्ट आहे का हे?’ यजमान म्हणाले.

‘अहो, तुमच्या कारखान्यात वाकडा बोल्ट आला तर तसाच ठोकता का?’ मी म्हटलं. माझ्यासमोर फार वेळ वाद घालण्याची त्यांची पद्धत नव्हती.

दीड महिन्यात ‘आपलं’ गेलं. साफ गेलं. मी आख्ख्या बिल्डिंगमध्ये मिरवले. माझा पराक्रम ऐकून शेजारणीने तिच्या ‘म्हणजे काय ना’ला माझ्याकडे पाठवलं. तिचं मी दोन पानं उतरवून वाचून दाखवलं, तर ती कार्टी खूश. ‘काकू, परत वाचा ना, किती मस्त बोलते मी,’ म्हणाली. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. मी मनात म्हटलं, ज्याची त्याची बुद्धी. माझी मुलगी एकदा सांगितलेलं लक्षात ठेवते.

त्यानंतर ती कमी बोलायला लागली. हो, नाही, माहीत नाही, झालं, जाते. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. कशी नेमकं बोलते, असं वाटायचं. शाळेतलं काही सांग म्हटलं तर ‘विशेष नाही’ म्हणायची. वहीत उतरवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी वह्या माळ्यावर टाकल्या.

पण दुसऱ्या गोष्टी सुरू झाल्या. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पाठवावं कोथिंबिरीला, तर मेथी घेऊन यायची. टाचण्या सांगितल्या तर सुया. ‘अगं, कोथिंबीर नव्हती का?’ ‘होती.’ ‘मग?’ ‘माहीत नाही.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी तिला वेंधळी ठरवली. लेखी परीक्षेत ती वर्गात पहिल्या पाचात आणि तोंडी परीक्षेत तळाला. बाईंनी प्रगतिपुस्तकात शेरा मारला होता, ‘अभ्यास आहे, पण उत्तर देत नाही.’ मग मी तिला हट्टीही ठरवली. वेंधळेपणा तिच्या बाबांकडून आला आणि हट्ट माझ्याकडून, असा हिशेब मांडून मी गप्प बसले.

आठवीत असताना एका शनिवारी तिला पहिल्यांदाच एकटीला ठाण्याला यायचं होतं. माझा हाफ डे होता. ऑफिसमधून आम्ही दोघी तिला ड्रेसचं कापड घ्यायला जाणार होतो. मी सगळं शिकवून ठेवलं होतं. खिडकीवर जायचं, ‘ठाणे, एक रिटर्न’ म्हणायचं, तिकीट मुठीत ठेवायचं, स्टेशनवरून सरळ चालत यायचं. ती वेळेवर आली. मला बरं वाटलं. साहेब आतल्या खोलीत अशिलाशी बोलत होते. मी तिला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, ‘तिकीट दे माझ्याकडे, हरवशील.’

तिने पुठ्ठ्याचं तिकीट माझ्या हातावर ठेवलं. त्यावर मुलुंड छापलेलं होतं, ठाण्याच्या पुढचं स्टेशन.

‘हे काय? मुलुंड कशाला? त्याने चुकीचं दिलं का?’

‘नाही. मी मागितलं.’

‘अगं, ठाण्याला यायचं आणि मुलुंडचं तिकीट? ठाणे म्हणायला काय झालं होतं तुला?’

ती टाइपरायटरकडे बघत राहिली. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं, ‘ठाणे म्हणायला काय झालं होतं?’

‘म्हणता येत नाही.’

‘काय म्हणता येत नाही?’

माझ्या टेबलावर ऑफिसच्या लेटरहेडचा गठ्ठा होता. तिने वरच्या कागदावरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. नौपाडा, आणि त्यापुढचा शब्द. तिचं बोट त्या पुढच्या शब्दावर होतं. मग तिने तो म्हणून दाखवण्यासाठी तोंड उघडलं.

जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली. मानेची शीर वर आली. डोळे एकदम मिटले. आवाज मात्र नाही, जराही नाही. मला वाटलं हिच्या घशात काहीतरी अडकलं. मी उठून तिच्या पाठीवर हात मारणार एवढ्यात तिने तोंड मिटलं आणि श्वास सोडला.

‘मुलुंड म्हणता येतं,’ ती म्हणाली.

तोतरी मुलं मी पाहिली होती. एकेक अक्षर चारदा म्हणणारी. माझ्या मुलीचं एकही अक्षर दोनदा आलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी, जिच्या कानांची साहेब अशिलांसमोर तारीफ करायचे. मी तिला विचारलं, आणि या वेळी माझा आवाज चढला नाही, ‘पण लहानपणी तर सगळं म्हणायचीस की गं. कंपासपेटी काय, कविता काय.’

‘तेव्हा “आपलं” होतं ना. “आपलं” म्हटलं की पुढचं यायचं.’

‘मग?’

‘ते तू मोडलंस.’

ती हे रागाने बोलली नाही. घरातली साखर संपली हे सांगावं तसं सांगितलं. कापड घ्यायला आम्ही गेलोच नाही. गाडीत मी तिचा हात धरून बसले, आणि ती आता मोठी झाली होती तरी तिने तो सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी माळ्यावरून त्या जुन्या वह्या काढल्या. लघुलिपीत अक्षरं नसतात, आवाज असतात. ऐकू येतं तसं लिहायचं. पान उघडलं आणि मला पहिल्या ओळीपासून दिसायला लागलं. आपलं, पुढे क. आपलं, पुढे ट. आपलं, पुढे ख. आपलं, पुन्हा क. तिसऱ्या पानावर ‘आपलं ठाण्याची आत्या’. एकही ‘आपलं’ म च्या आधी नव्हतं, एकही स च्या आधी नव्हतं. आणि एकाही ठिकाणी ‘आपलं’च्या मागे खोडण्यासारखा शब्द नव्हता. पोरीने कधी जबानी फिरवलीच नव्हती. तिला काय म्हणायचंय ते तिला पहिल्यापासून पक्कं ठाऊक होतं. ती पुढच्या शब्दासाठी दम घेत होती, आणि मी आपली माझ्या धंद्याच्या सवयीने मागे काय चुकलं ते बघत बसले होते.

सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. चार वर्षं माळ्यावर पडून होतं. मी रडले. रडणं हा काही माझा स्वभाव नाही, पण त्या दिवशी रडले. यजमान चहा घेऊन आले आणि शेजारी बसले. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं,’ हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली, टाळू पाहिलं, सगळं ठीक आहे, दडपण आणू नका, असं सांगितलं. दडपण काय कुकरमध्ये होतं का, घरात मीच तर होते. घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, ‘हे बघ, चूक माझी होती. तू तुझं “आपलं” म्हण. कुणी काही म्हणणार नाही.’

‘आता नाही येत.’

‘का?’

ती नखाने सतरंजी उकरत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणायला गेलं की तू वाचतेस तसं ऐकू येतं.’

हे तिने सांगितल्यावर जे झालं ते मी वर्णन करून सांगणार नाही. कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं, एवढंच म्हणते.

पण हातपाय गाळून बसणारी बाई मी नव्हे. तो शब्द माझ्या आवाजाने खराब झाला होता ना, मग माझ्याच आवाजाने तो धुवून काढायचा, असं मी ठरवलं. सोमवारपासून मी ‘आपलं’ म्हणायला लागले. वाण्याकडे ‘एक किलो आपलं साखर’. शेजारणीला ‘आज आपलं पाणी लवकर गेलं’. ती म्हणाली, ‘वहिनी, तुमचं औषध तुम्हालाच उलटलं की काय?’ मी म्हटलं, उलटू दे. ऑफिसात साहेबांना मजकूर वाचून दाखवताना माझ्या तोंडून गेलं, ‘सदर मिळकत आपलं विक्रीस काढली असून.’ साहेब येरझाऱ्या घालता घालता थांबले.

‘बाई, मी “आपलं” म्हणालो?’

‘नाही. मी म्हणाले.’

‘मग काय खोडायचं?’

‘काही खोडायचं नाही. तुम्ही पुढे चला.’

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे पुढे चालले.

घरी यजमानांनाही मी कामाला लावलं. तो बिचारा माणूस तेलाच्या डब्यालाही ‘आपलं’ लावायचा. मुलगी नुसती आमच्याकडे बघायची. असे दोन-तीन आठवडे गेले. आम्ही दोघं वेड्यासारखे बोलत होतो आणि ती खाली मान घालून जेवत होती. मला आतून भीती वाटायची की हे सगळं तिला चिडवल्यासारखं तर वाटत नसेल. पण एकदा धरलेलं सोडणं मला जमत नाही.

मग एका रात्री मी वाढता वाढता विचारलं, ‘अहो, आपलं आमटी वाढू का?’

‘वाढा की आपलं अर्धी वाटी,’ ते म्हणाले.

मुलीने मान वर केली. ‘तुम्ही दोघं चुकीच्या जागी लावता,’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘आमटीला नाही लागत. आमटी अशीच येते.’ ती थांबली. तिची जीभ मागे जाऊन अडायला लागलेली मला दिसली, आणि मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. ‘आपलं... कढीला लागतं.’

यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तीही हसली. त्या रात्री तिने आम्हाला सगळी यादी सांगितली. कशाला लागतं, कशाला नाही. मेथीला लागत नाही. सुयांना लागत नाही. बाबांना लागत नाही, आईला तर मुळीच लागत नाही. मी सगळं ऐकलं आणि एक अक्षर लिहून घेतलं नाही.

हे सगळं एका दिवसात फिटलं असं मी म्हणणार नाही. काही दिवस ‘आपलं’ यायचं, काही दिवस यायचं नाही. भाजीवालीकडून एकदा कोथिंबीर आली, मग पुन्हा दोनदा मेथी. आम्ही मेथी खाल्ली. मी तिच्या तोंडचा शब्द तिच्या आधी म्हणायचा नाही असं ठरवलं होतं, आणि माझ्यासारख्या बाईला याहून कठीण काम दुसरं नाही.

त्या वर्षी नवरात्रात आम्ही दोघी ठाण्याच्या टेंभी नाक्याची देवी बघायला निघालो. माझा पास आदल्याच दिवशी संपला होता, त्यामुळे दोघींचंही तिकीट काढायचं होतं. डोंबिवलीला खिडकीवर ही रांग. मी पैसे काढून तिच्या हातात दिले आणि तिला माझ्या पुढे उभं केलं. तिने मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिलं.

तिचा नंबर आला. तिने पैसे आत सरकवले आणि तोंड उघडलं. शब्द येईना. आतल्या माणसाने टेबलावर बोटं वाजवली. माझ्या जिभेवर ‘ठाणे’ येऊन बसलं होतं, दोनच अक्षरं, म्हटलं की सुटलो आम्ही दोघी. मी ओठ घट्ट मिटून घेतले. माझ्या मागचा गृहस्थ म्हणाला, ‘सांगा की हो लवकर, गाडी जाईल.’

मी वळले. ‘थांबा जरा. ती सांगतेय.’

‘आपलं,’ पुढून आवाज आला. मग थोडा वेळ काही नाही. ‘ठाणे. दोन.’

खिडकीतल्या माणसाने तिकिटांकडे नेलेला हात मागे घेतला. ‘आपलं ठाणे? आधी कुठलं म्हणालीस?’

‘आधी मी बोललेच नाही,’ माझी मुलगी म्हणाली. ‘ठाणेच.’